कमान मोडायची की राखायची? पावडर फीडरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

जुना फीडर (पावडर ठरावीक दराने सोडणारे यंत्र) आज पुन्हा उघडला. आत नेहमीचाच प्रकार. शंकूच्या तोंडाशी पावडरीने कमान धरलेली आणि तिच्याखाली पावडर पुढे ढकलणारा स्क्रू रिकामाच फिरतोय. बाहेरून टिचकी मारली की कमान कोसळते, ढीगच्या ढीग खाली येतो आणि तराजूच्या आलेखावर उंच सुळका उमटतो. थोड्या वेळाने पुन्हा कमान.

गरजपत्रक इथे थोडक्यात उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे शोधाशोध नको. माल: बारीक कॅल्शियम कार्बोनेट, कणाचा सरासरी व्यास ५ मायक्रॉन. तो ढवळत्या द्रवात मिनिटाला १ ग्रॅम या दराने सोडायचा, सलग २ तास. कुठल्याही एका मिनिटाचा हिशेब काढला तरी दर २ टक्क्यांहून जास्त मागे-पुढे होता कामा नये. यंत्र टेबलावर मावायला हवे, म्हणून हॉपरचा (पावडर साठवण्याच्या, खाली निमुळत्या होणाऱ्या भांड्याचा) व्यास १२ सेंमीच्या आत. शिवाय यंत्र चालू असताना वरून पावडर भरता आली पाहिजे.

पावडर का अडते, याबद्दल वाद नाही. कण लहान होतो तसे त्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते, पण कणाकणांमधले आकर्षण साधारण व्यासाच्याच प्रमाणात घटते. म्हणजे कण दहापट बारीक केला की वजनाच्या मानाने चिकटपणा शंभरपट. आमच्या मालाची सैल घनता ६०० किलो प्रति घनमीटर, ठोकून बसवली की ९००. गुणोत्तर १.५. याला हाउसनर गुणोत्तर म्हणतात आणि ते १.४ च्या पुढे गेले की पावडर हट्टी आहे असे धरून चालायचे.

आजवर लावलेला उपाय म्हणजे व्हायब्रेटर. तो पहिला काही वेळ बरा चालतो, नंतर त्याच्याच हादऱ्यांनी पावडर आणखी घट्ट बसते.

५ फेब्रुवारी

भिंत स्केचेसनी भरली. पॅडलवाला ढवळा, साखळीवाला ढवळा, हॉपरच्या भिंतीला रबरी पडदा आणि त्याला बाहेरून हवेचे धक्के, दोन उलटे फिरणारे स्क्रू, शंकूऐवजी एका बाजूला तिरपी भिंत. प्रत्येकाकडे काही ना काही आहे. बाहेरच्या कुणी खोलीत डोकावले तर म्हणेल, काय जोरात काम चाललंय.

दुपारी एक साधा उद्योग केला. सगळी स्केचेस टेबलावर पसरली आणि काम कोणत्या तत्त्वावर चालते एवढ्याच निकषावर त्यांचे गठ्ठे केले. एकच गठ्ठा झाला. सगळीकडे पावडर वर साठवलेली, खाली भोक, आणि मध्ये अडलेल्या पावडरीला हलवणारे काहीतरी. फरक फक्त हलवण्याच्या तऱ्हेत.

शाह, स्मिथ आणि वार्गास-हर्नांडेझ यांनी २००३ मध्ये कल्पना मोजण्याचे चार निकष मांडले होते: संख्या, वैविध्य, नावीन्य आणि गुणवत्ता. संख्या आणि वैविध्य वेगळे मोजायचे, हे त्यातले मला सगळ्यात उपयोगी वाटते. आमची संख्या दांडगी, वैविध्य जवळपास शून्य. सुचणे बंद झाले म्हणजे माणूस कोऱ्या कागदाकडे बघत बसतो, असे आपण समजतो. इथे कागद कोरे नाहीत, आणि म्हणूनच इतके दिवस कुणाला शंका आली नाही.

९ फेब्रुवारी

आज गट बसवला. तोंडी चर्चा मुद्दाम टाळली. १९५८ मध्ये टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चार-चार जणांचे गट एकत्र बसवून आणि तितकीच माणसे स्वतंत्र बसवून तुलना केली होती. स्वतंत्र बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या तेव्हा त्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या जास्त भरल्या. एक जण बोलत असताना बाकीचे ऐकत बसतात, आणि ऐकलेलेच डोक्यात घोळत राहते. म्हणून बर्न्ड रोरबाख यांची १९६८ ची लिखित पद्धत घेतली. मूळ नियमात सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. आम्ही चौघेच, त्यामुळे चार फेऱ्या.

कागद भरले. पुन्हा तेच कुटुंब. एकीने पावडर चुंबकाने ओढायचे लिहिले (कॅल्शियम कार्बोनेट चुंबकाला दाद देत नाही, पण निदान भोक तरी गायब झाले), बाकी ढवळेच ढवळे.

पद्धतीला दोष देत नाही. लिखित फेरीने सगळ्यांना समान जागा मिळते, लाजऱ्या माणसाची कल्पनाही कागदावर येते. पण चौघांच्या डोक्यात एकच चित्र असेल तर कागद फिरवून त्याच चित्राच्या प्रती निघतात.

१० फेब्रुवारी

विशेष काही नाही. दोन ढवळ्यांची किंमत काढली, तराजूचे कॅलिब्रेशन केले.

१३ फेब्रुवारी

एकच चित्र सगळ्यांच्या डोक्यात आले कुठून? फार लांब जावे लागले नाही. जुन्या फीडरचा असेंब्ली ड्रॉइंग पहिल्या दिवसापासून फळ्यावर लावलेला आहे. ए१ कागदाच्या आकाराचा, व्यवस्थित, शेड दिलेला.

जॅन्सन आणि स्मिथ यांचा १९९१ चा प्रयोग इथे आठवावा असाच आहे. त्यांनी काही जणांना समस्या दिली आणि सोबत एक नमुना आराखडा दाखवला, दुसऱ्या गटाला नमुना दाखवला नाही. नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत नमुन्यातले घटक उतरले, त्यातल्या दोषांसकट. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाच्या समस्येत तर स्ट्रॉ वापरू नका असे लिहून दिले होते, पण नमुन्यात स्ट्रॉ होता, आणि लोकांच्या उत्तरांत तो आलाच. यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि काम करणारे डिझायनरही. म्हणजे अनुभवाने सुटका होते असे मानायला जागा नाही.

अनुभव उलट घट्ट धरून ठेवतो. लुचिन्स यांचे १९४२ चे पाण्याच्या भांड्यांचे कोडे घ्या. ओळीने अशी उदाहरणे सोडवायला द्यायची की प्रत्येकात मोठ्या भांड्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा वजा केले की उत्तर येते. मग भांडी द्यायची २३, ४९ आणि ३ मापांची, आणि २० माप मागायचे. सवय लागलेला माणूस ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढतो. उत्तर बरोबर येते. २३ मधून ३ काढले की झाले, हे त्याला दिसतच नाही. चुकीचे उत्तर आले असते तर तो थांबला असता. लांबचा रस्ताही मुक्कामाला पोचवतो, हीच यातली अडचण.

ड्रॉइंग काढून कपाटात ठेवला. उशीर झालाय हे खरे; जे पाहिले ते न पाहिल्यासारखे होणार नाही. पुढच्या प्रकल्पात मात्र जुना आराखडा पहिल्या आठवड्यात भिंतीवर लावायचा नाही, एवढे ठरवून टाकले.

१७ फेब्रुवारी

फ्रिट्झ झ्विकी यांची चौकट करून पाहिली. झ्विकी खगोलशास्त्रज्ञ; त्यांची पद्धत अशी की समस्येचे घटक ओळींत मांडायचे, प्रत्येक घटकाचे शक्य ते पर्याय पुढे लिहायचे, आणि प्रत्येक ओळीतून एक-एक उचलून जोड्या तपासायच्या. आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने सकाळीच ओळी लिहून आणल्या: हॉपरचा आकार, ढवळ्याचा प्रकार, तोंडाचा आकार, स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधले अंतर). जोड्या शेकड्यांनी निघतात. पण ओळींची नावेच जुन्या यंत्राचे सुटे भाग असतील तर शेकडो जोड्यांतून जुने यंत्रच शेकडो वेळा निघणार. त्याला म्हटले, ठेव बाजूला, फेकू नकोस. ओळी बदलून परत बसू.

२० फेब्रुवारी

नवे काही सुचवायचा हट्ट सोडून मोजमापाला लागलो.

हा मार्ग राइट बंधूंचा. १९०१ च्या त्यांच्या ग्लायडरला हिशेबापेक्षा कितीतरी कमी उचल मिळाली आणि दोघे निराश होऊन परतले. त्यानंतर त्यांनी लगेच नवे पंख काढले नाहीत. त्या शरद ऋतूत एक छोटा वायुबोगदा बांधला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यात धरून उचल स्वतः मोजली, कारण हाताशी असलेल्या तक्त्यांवरचा विश्वास उडाला होता. १९०२ चा ग्लायडर त्या आकड्यांतून आला. डोके चालेनासे झाले की आकडे गोळा करावेत, असे मला पूर्वीपासून वाटते. निदान हात तरी कामाला लागतात.

तर शिअर सेल काढला. पावडरीचा थर ठरावीक वजनाखाली दाबायचा आणि तो किती जोराने सरकतो ते पाहायचे. त्यातून मोकळ्या पृष्ठभागापाशी पावडरीची स्वतःची ताकद किती ते कळते. कमी दाबाखाली ती सुमारे ४०० पास्कल निघाली.

आता अँड्र्यू जेनिके. त्यांनी १९६४ मध्ये हॉपरच्या प्रवाहाचे गणित पक्के बसवून दिले. कमान कधी टिकते? तिच्या पावडरीची ताकद तिच्या स्वतःच्या वजनाला पुरून उरली की. तोंड जितके रुंद तितके कमानीवर वजन जास्त. म्हणून एक किमान रुंदी असते, जिच्यापुढे कमान उभी राहूच शकत नाही. शंकूसाठी ढोबळ सूत्र: २.३ गुणिले ताकद, भागिले घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. ४०० पास्कल, ६०० किलो प्रति घनमीटर, ९.८. उत्तर १५ सेंमीहून थोडे जास्त.

हॉपरचा एकूण व्यास १२ सेंमी, आणि त्याच्या खालच्या तोंडाला हवेत १५! आकडा फळ्यावर लिहिला आणि सगळे हसले. मिनिटाला एक ग्रॅम सोडणाऱ्या यंत्राला ताटाएवढे भोक.

पण गंमत बाजूला ठेवली तर आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा आकडा हाच. या पावडरीने या आकारात स्वतःच्या वजनाने खाली पडावे, अशी अपेक्षाच निसर्गाला मान्य नाही. ढवळा चांगला की पडदा चांगला, हा प्रश्नच मिटला. भिंतीवरचे प्रत्येक स्केच गुरुत्वाकर्षणाला हातभार लावू पाहत होते, आणि इथे गुरुत्वाकर्षण फार दुबळा भिडू आहे. एक आख्खी दिशा बंद झाली की मन मोकळे होते, हे मी गटात आज प्रत्यक्ष पाहिले. गेल्या आठवड्यात ‘अजून एक पॅडल बघू’ म्हणणारा सहकारी आज म्हणाला, “मग पावडर पाडायचीच कशाला?”

२१ फेब्रुवारी

गरजपत्रकातल्या प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने वाढवले: ही गरज कुणाची, आणि कशासाठी.

१ ग्रॅम, २ तास, २ टक्के या ओळींना मालक होते, कारणही पटण्यासारखे. टेबलावर मावण्याला होते. ‘चालू यंत्रात वरून भरता आले पाहिजे’ या ओळीला मालक सापडेना. ज्यांच्यासाठी यंत्र बनवतोय त्यांनाच विचारले. बाई म्हणाल्या, “आम्हाला कशाला हवंय? एक घाणा दोन तासांत संपतो. मग सगळं धुऊनच दुसरा लावतो.” जुन्या हॉपरमध्ये माल सारखा मोकळा व्हायचा नाही म्हणून त्यांना वरून भर घालावी लागे. ती सोय पत्रकात शिरली आणि तिची अट झाली.

ओळ खोडली. दोन तासांना लागतो एकूण १२० ग्रॅम माल. तो सगळा आधीच भरून ठेवता येतो, आणि तो बसायला हॉपरच हवा असेही मग उरत नाही.

सांगायचा मुद्दा असा की तीन आठवडे कल्पकतेच्या पद्धती वापरून जे हलले नाही ते एका फोनने हलले. अशा अटी कुणी मुद्दाम घालत नाही. त्या जुन्या यंत्राच्या दुखण्यातून येतात आणि दुखणे बरे करायला निघालेल्या माणसाचेच हात बांधतात. पुढे सुचण्याचे गाडे अडले की आधी हा रकाना भरायचा, मग बाकीचे.

२४ फेब्रुवारी

झ्विकीची चौकट परत काढली, या वेळी ओळी कामांच्या: साठवणे, मोजणे, वेगळे करणे, पोचवणे. ‘मोजणे’ या ओळीपाशी अडखळलो आणि तिथेच आल्टशुलर यांची पद्धत कामी आली.

गेन्रिख आल्टशुलर सोव्हिएत नौदलाच्या पेटंट विभागात काम करत. हजारो पेटंटांतून त्यांना दिसले की खऱ्या शोधाच्या पोटात एक विरोध असतो, आणि तो तडजोडीने न मिटवता सोडवलेला असतो. स्टालिनच्या काळात ते व्होर्कुटाच्या छळछावणीत होते, सुटल्यावर १९५६ मध्ये पद्धतीवरचा पहिला लेख आला. नंतरच्या काळात ३९ गुणधर्मांचा तक्ता आणि ४० तत्त्वे तयार झाली. तक्ता मला खरे तर कधीच फारसा उपयोगी पडलेला नाही. तो उघडला की माणूस तक्त्यातच रमतो. पण विरोध एका वाक्यात लिहायची शिस्त मात्र सोन्यासारखी.

आमचे वाक्य: पावडर सैल हवी, कारण द्रवात ती सुटी पडायला हवी, पावडर घट्ट हवी, कारण घनता स्थिर असेल तरच आकारमानावरून वजन मोजता येते.

असा विरोध जेम्स वॉटपुढे होता. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचे मॉडेल १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला आले. सिलिंडर गरम हवा, नाहीतर वाफ वाया जाते. सिलिंडर थंड हवा, नाहीतर वाफेचे पाणी होत नाही. १७६५ मध्ये त्यांना सापडलेले उत्तर: थंड करण्याचे काम दुसऱ्या भांड्यात न्यायचे. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम थंड. दोन्ही मागण्या पूर्ण, फक्त जागा वेगळ्या.

आम्हालाही जागा वेगळ्या करता येतील. साठवणीत पावडर घट्ट, बाहेर पडताना सैल. आणि घट्ट व्हायला तर ती टपूनच बसलेली आहे! तीन आठवडे जिच्याशी भांडलो तो गुण हाच. ४० तत्त्वांतले २२ वे, अपायाचा उपाय करा. १३ वे, उलटे करा. पावडर नळीत दाबून वडी करायची, खालून पिस्टनने हळूहळू वर ढकलायची, वरच्या टोकाला फिरत्या पात्याने खरवडायची. खरवडलेले तेवढे सैल. दर ठरणार पिस्टनच्या वेगावर, आणि तो स्टेपर मोटरच्या (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरच्या) हातात.

कुणी ओरडले वगैरे नाही. चौघांनी थोडा वेळ स्केचकडे पाहिले आणि पहिला प्रश्न आला, “वडी फुटली तर?”

२५ फेब्रुवारी

आकडे. दाबलेल्या पावडरीची घनता १.१ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली. १२० ग्रॅमला १०९ घनसेंमी. नळीचा व्यास ४ सेंमी घेतला तर क्षेत्रफळ १२.६ चौसेंमी, म्हणजे वडीची लांबी जेमतेम ९ सेंमी. पिस्टनचा वेग मिनिटाला ०.७२ मिमी. पाते मिनिटाला ६० फेरे फिरवले तर दर फेऱ्याला १२ मायक्रॉनचा थर निघतो, दोन-अडीच कणांच्या जाडीचा. ढिगाने कोसळायला वावच नाही.

सगळे यंत्र दोन मुठींत मावेल.

२७ फेब्रुवारी

जुने काम धुंडाळले आणि सापडले. बी. एम. राइट यांनी १९५० मध्ये हवेत ठरावीक प्रमाणात धूळ सोडणारे यंत्र प्रसिद्ध केले होते: धूळ दाबून भरलेले दंडगोल भांडे, तिच्यात हळूहळू शिरणारे खरवडणारे डोके, आणि खरवड वाहून नेणारी हवा. (हे राइट वेगळे, विमानवाल्यांशी संबंध नाही. श्वासाचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर यांचेच.) आजही या कुळातली यंत्रे वापरात आहेत.

कनिष्ठ सहकाऱ्याचा चेहरा पडला. “म्हणजे आपण नवीन काहीच केलं नाही.” त्याचे वाईट वाटणे समजू शकतो. मला मात्र हायसे वाटले. तत्त्व चालते याचा ७० वर्षांपेक्षा जुना पुरावा फुकट मिळाला. आमचे वेगळेपण एवढेच की आम्हाला हवा नको, खरवड थेट द्रवात पडायची आहे, आणि वडी वर चढते.

प्रश्न उरतो तो हा, की शोध तर आम्ही पहिल्या आठवड्यातही घेतला होता, मग हे तेव्हा का नाही सापडले? तेव्हा टाकलेले शोधशब्द जपून ठेवले आहेत: हॉपर, कमान, ढवळा, व्हायब्रेटर. शोधयंत्राने जे मागितले तेच आणून दिले. या वेळी ‘दाबलेली पावडर खरवडणे’ शोधले. कामाचे वर्णन बदलल्याशिवाय ग्रंथालयही मदत करत नाही.

४ मार्च

पहिला नमुना. जाड प्लास्टिकची मोठी सिरिंज घेतली, तोंडाकडचा भाग कापला. नळी आणि पिस्टन दोन्ही आयते. दांड्याला लीडस्क्रू (फिरला की दांडा सरळ ढकलणारा आट्यांचा स्क्रू) आणि स्टेपर. पाते म्हणजे कापलेली फीलर गेज पट्टी (फटीचे माप घ्यायची पातळ पोलादी पट्टी), फिरवायला गिअरची छोटी मोटर. दिसायला कुरूप. लेथवरचे काका येऊन म्हणाले, “मला सांगितलं असतंत तर नीट करून दिलं असतं.” नीट करायचे नाहीच, असे त्यांना पटवताना नाकी नऊ आले.

कारण पॉल मॅक्रेडी. माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी क्रेमर पारितोषिक १९५९ पासून जाहीर होते. अनेकांनी देखणी, काटेकोर विमाने बांधली. एक अपघात झाला की दुरुस्तीला महिने. मॅक्रेडींनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे असे विमान केले की मोडले तर लगेच सांधून पुन्हा उडवता यावे. २३ ऑगस्ट १९७७ ला गॉसमर कॉन्डॉरने पारितोषिक जिंकले. सुबक नमुना मोडवत नाही, आणि मोडवत नसलेल्या नमुन्यातून शिकता येत नाही.

संध्याकाळी चालवला. पावडर पडते. सुळके नाहीत. पण दर सुरुवातीला जास्त आणि पुढे पुढे कमी होत जातो, दहा टक्क्यांहून जास्त उतार. पिस्टनचा वेग तपासला, तो स्थिर आहे.

६ मार्च

उताराचे कारण १८९५ सालात मिळाले. यान्सेन यांनी तेव्हा दाखवून दिले की कोठारातल्या धान्याचे सगळे वजन तळावर येत नाही, भिंतींचे घर्षण बरेचसे पेलते. आमच्या नळीत तेच घडते, फक्त वजनाऐवजी दट्ट्याचा दाब. सगळी पावडर एकदम भरून वरून दाबली की वरचा भाग घट्ट होतो आणि दाब खाली पोचेपर्यंत भिंतीच तो खाऊन टाकतात. वरचा भाग आधी खरवडला जातो, म्हणून सुरुवातीचा दर जास्त. गोळ्या दाबणाऱ्यांना आणि धातूच्या भुकटीतून सुटे भाग करणाऱ्यांना हे रोजचेच.

उपायही त्यांचाच. थोडी थोडी पावडर घालून प्रत्येक थर त्याच दाबाने दाबायचा, थराची जाडी व्यासाच्या निम्म्याहून कमी ठेवायची. १.५ सेंमीचे थर केले, एकूण सहा. उतार गेला. त्याच्या जागी बारीक लाट आली, दर वीस-एकवीस मिनिटांनी एक हेलकावा. १५ मिमी भागिले ०.७२ करा, तेवढाच वेळ येतो. म्हणजे थरांच्या सांध्यांची लाट. ती २ टक्क्यांच्या आत आहे, तूर्त राहू दे.

११ मार्च

पात्यावर पावडर चढते. थोड्या वेळाने पात्याच्या तोंडाशी गोळा धरतो, तो सुटला की आलेखावर फुगवटा. शिवाय नळीच्या बरोबर मध्यभागी पात्याचा वेग शून्य, तिथे कापलेच जात नाही. एक टोचणी उभी राहते आणि पाते उचलून धरते.

बैठकीत पहिली सूचना काय आली असेल? पात्याला छोटा व्हायब्रेटर लावू. सगळे हसले, सूचना करणारेही. सवय इतक्या सहजासहजी जात नाही.

टोचणीवर कामांच्या ओळींतून विचार केला. मध्यभागी कापायला नीट जमत नसेल तर तिथे कापण्याजोगे काही ठेवूच नये. नळीच्या मध्यात ६ मिमीची स्थिर पिन उभी केली, पिस्टनला भोक. पावडर आता कड्याच्या आकाराची. क्षेत्रफळ अडीच टक्क्यांनीही घटत नाही. घर्षणाला भिंत वाढली, पण थर पातळ असल्याने चालले.

गोळ्यासाठी पाते काढून ताणलेली पोलादी तार लावली. चिकटायला रुंद पृष्ठभागच नाही. हे काकांचे सुचवणे. पिन आणि तिचे बुशिंगही त्यांनीच अखेर ‘नीट’ करून दिले. आता नीट हवेच होते.

१९ मार्च

पूर्ण दोन तासांची चाचणी, खाली लोडसेल (वजन मोजणारा संवेदक). पहिली काही मिनिटे सोडली तर प्रत्येक मिनिट २ टक्क्यांच्या आत. सुरुवातीची मिनिटे वडीचा वरचा पृष्ठभाग तारेला समांतर नसल्याने बिघडतात. तेवढी खरवड आधीच काढून टाकायची सोय करू, नाहीतर दाबायच्या दट्ट्यालाच योग्य टोक देऊ.

राहिलेले. दमट हवेत वडी किती बदलते ते पाहिलेले नाही. पिस्टनच्या सीलमध्ये पावडर शिरते, त्याची झीज मोजायची आहे. थर भरण्याचे काम सध्या हाताने होते आणि ते कंटाळवाणे आहे; वापरणाऱ्या बाईंना विचारून भरायला किती वेळ देता येईल तो आकडा घ्यायचा, मगच जिगचे (थर भरायला मदत करणाऱ्या साच्याचे) स्केच काढायचे. स्केचेस आधी प्रत्येकाने स्वतंत्र काढायची, सिरिंजवाला नमुना तोवर कपाटात.

आणखी एक चौकशी आली आहे, याच यंत्रात बारीक वाळू चालेल का म्हणून. चालणार नाही. वाळू दाबून वडी होत नाही, पिस्टन वर येताच ती कडेने ओघळेल. तिला जुना शंकू आणि स्क्रू उत्तम. तसे कळवले आणि जुना ड्रॉइंग त्यांच्याकडे पाठवून दिला.